दांडेलीहून आलेली करवत

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

नारायण पेठ, पुणे
१९ मार्च २००१

चि. सौ. सत्यशीला हिस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं पार्सल परवा पोचलं. आमच्या बोळात ट्रक शिरत नाही म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याने लक्ष्मी रस्त्यालाच उतरवून दिलं. आलं ते असं: पेट्रोलवर चालणारी करवत एक, तिची जास्तीची साखळी एक, धार लावायची गोल कानस, जाळीचा पडदा असलेलं नारिंगी हेल्मेट (वापरलेलं), जाड विजार (वापरलेली, डाव्या मांडीवर रफू), कातडी हातमोजे, कमरेचा पट्टा आणि दोन दोर. शिवाय काजूची पिशवी, तिला वाटेत भोक पडलं होतं. ट्रान्सपोर्टचे एकशे ऐंशी, हमालाचे वीस, त्याच्या चहाचे दोन. मशीनची किंमत मात्र तू कुठेच लिहिली नाहीस. ज्याची किंमत लिहिलेली नाही ते मी माझ्या वहीत कुठल्या रकान्यात मांडू? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "लिही, मेहुणीची माया." असा रकाना आमच्या वहीत नाही.

हे मात्र भारी खूश आहेत. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती म्हणून घरी पाठवल्यापासून सोसायट्यांच्या आवारातली झाडं छाटायची कामं घेतात, ते तुला ठाऊकच आहे. इतके दिवस कोयता आणि हातकरवत. एक जाड फांदी दिवस खायची आणि ह्यांचा खांदा रात्रभर शेकायला मी. आता मशीन मांडीवर घेऊन बसतात, जसा काही नातू झालाय. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्या साडूंनी पाठवलंय. स्वतःचं दिलं हो, हातातलं काढून!"

मला तेवढंच उमगलं नाही. रंगनाथरावांचं पोट त्या करवतीवर. लाकडाच्या वखारीत जन्मभर त्यांनी हीच चालवली. मग ती आम्हाला का? नवी घेतली असेल तर तसं लिही, आम्हाला आनंदच होईल. विजार धुऊन पाठवली असतीस तरी चाललं असतं. मी सोड्यात भिजवली.

तुझा अभय रविवारी येऊन गेला. हिंजवडीहून कंपनीची गार हवेची बस डेक्कनपर्यंत आणून सोडते म्हणे. पहिल्या पगारातून मला साडी आणली. रंग तुझ्या आवडीचा आहे.

पाडव्याला मशीनची पूजा करून मगच झाडावर न्यायचं, असं मी ह्यांना बजावलंय. मोदी गणपतीला नारळ बोलले आहे.

तुझी,
शालनताई


दांडेली
२८ मार्च २००१

ती. सौ. ताईस, सत्यशीलाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. विजार सोड्यात! अगं ताई, त्या कापडाच्या पोटात धाग्यांचे थर भरलेले असतात. चालती साखळी पायाला लागली तर ते धागे बाहेर येऊन तिला गुरफटतात आणि थांबवतात. ते रफू दिसतंय ना, तिथे एकदा थांबवलीय. म्हणून तर पाठवली. साध्या पाण्यात बुडव, पिळू नको, आपटू तर मुळीच नको.

किमतीचं राहू दे. ह्यांना आता वखारीच्या हापिसात बसवलंय. टेबल, खुर्ची, वर पंखा. दिवसभर आलेल्या-गेलेल्या ट्रका लिहायच्या. करवत घरात कोपऱ्यात पडून होती. तिच्याकडे बघून हे गप्प गप्प व्हायचे. म्हटलं, भावजींच्या हातात तरी चालेल.

आता कामाचं. हे सांगत गेले आणि मी मागच्या पानावर उतरवत गेले. भावजींना शब्दन् शब्द वाचून दाखव.

"ह्या मशीनला नाक असतं. साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीचं टोक, त्याचा वरचा भाग. ते नाक फांदीला, मागच्या एखाद्या बारक्या डहाळीला नुसतं शिवलं तरी मशीन उसळतं आणि उलटं आपल्याच तोंडावर येतं. इथली माणसं त्याला किक म्हणतात. पैलवान असला तरी त्याच्याने धरवत नाही, कारण तोवर ती येऊन गेलेली असते. म्हणून नाक कुठे आहे तिकडे नजर. टोकाने कापायचं नाही. दोन्ही हात मशीनवर, डावा अंगठा दांड्याखालून घालून मूठ पक्की. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात फांदी, असं कधीच नाही. हात खांद्याच्या वर उचलून कापायचं नाही, वर कापायचं असेल तर आपण वर चढायचं. मान पट्टीच्या रेषेत आणायची नाही, जरा बाजूला. दोर दोन, एक डोक्यावरच्या जाड फांदीला, एक कमरेचा खोडाला. आधी ते, मग मशीन सुरू.

आमचे हे म्हणतात, "सगळ्यात मोठी गोष्ट पुढेच आहे. पुढच्या दांड्यासमोर काळी ढाल आहे ना, ती नुसती हात वाचवायला नाही. तो ब्रेक आहे. मशीन उसळलं की ढाल मनगटावर आपटून पुढे पडते आणि साखळी जागच्या जागी थांबते. रोज सकाळी ढाल पुढे पाडून बघायची. ती मोकळी पडली पाहिजे. पडली नाही तर त्या दिवशी काम बंद, मग गिऱ्हाईक कितीही ओरडो."

वाचशील ना? तुझ्यासारखी मॅट्रिक झाले असते तर नीट मांडलं असतं. सातवीचं शिक्षण, सांभाळून घे.

तुझी,
शीला


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

पुणे
८ एप्रिल २००१

चि. सौ. सत्यशीला हिस आशीर्वाद.

रंगनाथरावांना खुर्ची आणि पंखा मिळाल्याचं वाचून आनंद झाला. आमच्याकडे खुर्ची एकच, तिच्यावर सध्या तुमचं मशीन बसलेलं असतं. बरं आहे हो, कुणाकुणाला या वयात बढती मिळते. आमच्याकडच्या कारखान्याने यांना गेटाबाहेरची बढती दिली.

तुझं पत्र आलं तेव्हा हे जेवायला बसले होते. तुला माहीत आहे, पत्र आलं की हे स्वतः वाचत नाहीत. म्हणाले, "मॅट्रिक बायको केली ती कशाला? वाच." वाचलं. नाक, मूठ, खांदा, दोर, सगळं वाचलं. हे घास हातात धरून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "काय गं, सत्यशीलेला मशीनमधलं किती कळतं! सातवी शिकलेली बाई, पण एखाद्या इंजिनिअरने लिहावं तसं लिहिलंय." मी म्हटलं, आमटी निवतेय. पुरे झालं तेवढं वाचलं. बाकी ह्यांचं लहानपण चिंचा-आंब्यावर गेलेलं आहे, झाडावर कसं बसायचं ते ह्यांना दांडेलीहून शिकायची वेळ अजून आलेली नाही.

पाडव्याला यथासांग पूजा झाली. हळदकुंकू, गुळखोबऱ्याचा नैवेद्य, माझ्या हातचा. त्याच आठवड्यात औंधला एका सोसायटीतला गुलमोहर उतरवला. तुझे भावजी जाळीचा पडदा खाली ओढून वर बसले तेव्हा खाली बायका जमल्या होत्या. एक म्हणाली, "अगदी अंतराळवीर दिसतायत." आता लोक आम्हाला शोधत येतात, आम्ही नाही.

अभयनेही हिंजवडीचं एक काम आणलंय. त्यांच्या कंपनीच्या फाटकाशी गावची जुनी चिंच आहे, तिची एक फांदी बसच्या थांब्यावर ओथंबलीय. पावसाआधी उतरवायची. ग्रामपंचायतीचा कागद आला की करायची. साहेबासमोर तो म्हणाला, "आमचे काका आहेत, एक्स्पर्ट." मला बरं वाटलं, नाही असं नाही. पण मशीन तुमचं, काम तुमच्या मुलाचं. आमचं म्हणून काय राहिलं, ते शोधते आहे.

काजू संपले. चांगले होते.

शालनताई


दांडेली
१९ एप्रिल २००१

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

"पुरे झालं तेवढं" म्हणजे कुठपर्यंत गं? माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण ते मागचं पान शेवटच्या ओळीपर्यंत भावजींना वाचून दाखव. नाहीतर अभयला सांग, तो वाचेल. तुझं पत्र वाचून हे रात्री उठून अंगणात फेऱ्या घालत होते. मी म्हटलं, अहो, ताई शिकलेली आहे, वाचेल. म्हणाले, "शिकलेली आहे म्हणूनच भीती."

तुझ्या घरमालकिणीकडे फोन केला होता. तिने सांगितलं, तू आंघोळीला गेलीस. दुपारी चार वाजता? असो. पुण्याला पाण्याच्या वेळा वेगळ्या असतील.

चिंचेचं लाकूड चिवट असतं. त्यात आतल्या आत डहाळ्यांचं जाळं. पट्टीच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही. हे स्वतः येऊन दाखवून गेले असते, पण सध्या त्यांना वखारीतून सुटणं होत नाही.

ताई, तू मला आशीर्वादाशिवाय पत्र लिहीत नाहीस. तसाच हाही एक हट्ट पुरव. मागचं पान वाच.

तुझी,
शीला


पुणे
४ जून २००१

सत्यशीला,

मागच्या मंगळवारी हिंजवडीला अपघात झाला. तुला ते माझ्या आधी कळलेलं आहे, तेव्हा बातमी म्हणून नाही, हिशेब म्हणून लिहिते.

हे चिंचेवर होते. दोन्ही दोर बांधलेले होते, तुझ्या सांगण्याप्रमाणे. दोन्ही हात मशीनवर होते, तुझ्या सांगण्याप्रमाणे. पलीकडची एक डहाळी पानांत झाकली होती. पट्टीचं टोक तिला लागलं आणि मशीन उसळून तोंडावर आलं. हेल्मेटची जाळी चेपली. डोळे वाचले. मशीन तिथून घसरून डाव्या खांद्यात शिरलं. साखळी थांबली नाही. शर्ट, कातडं, खालचं मांस. हे दोरावर लोंबकळत राहिले. अभय आणि तिथला वॉचमन यांनी शिडी लावून खाली घेतलं आणि कंपनीच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. टाके घातलेत. डाव्या हाताची बोटं सुन्न आहेत. डॉक्टर म्हणतात, शीर दुखावलीय, थांबून बघू. किती थांबायचं ते सांगत नाहीत.

आणि मला हे कसं कळलं माहीत आहे? घरमालकीण जिना उतरत आली आणि म्हणाली, "अहो शालनताई, दांडेलीहून फोन आलाय, तुमच्या मिस्टरांना आता कसं आहे विचारतायत." मी भाकरी थापत होते. माझ्या नवऱ्याला काय झालं ते मला दांडेलीने विचारलं! अभयने आधी आईला फोन केला. आईलाच करणार. मी कोण? साडी द्यायची तेवढी मावशी.

आता मनात आहे ते लिहूनच टाकते. मशीन तुमच्याकडून फुकट आलं तेव्हाच माझ्या जिवाला लागलं होतं. फुकट आलेल्या वस्तूच्या मागे कुणाची तरी नजर येते. म्हणून पाडव्याच्या पूजेत मी बिब्बा ओवून काळा दोरा बांधला होता. असातसा नाही. ती काळी ढाल आणि पुढचा दांडा, दोन्ही मिळून घट्ट वेढे घातले, वर गाठ मारली. हे म्हणाले, "हात धरायला अडचण होईल." मी म्हटलं, ढालीला बांधलाय, हाताला नाही. सैल पडू नये म्हणून दर शनिवारी नवा बांधत होते. त्या सकाळीही तो तस्साच घट्ट होता, मी स्वतः ओढून पाहिला.

मग एवढ्या बंदोबस्तातून कुणाची दृष्ट आत शिरली? मी नाव घेत नाही. ज्याच्या हातातलं काढून दिलं त्याच्या घरातलं कुणी तरी हळहळलं असेल. माझ्या नवऱ्याचं चाललेलं कुणाला तरी बघवलं नाही.

हे म्हणतात, मशीन विकून टाकू आणि हिंजवडीला वॉचमनची नोकरी बघू. बोटं वळली तर.

शालन


दांडेली
९ जून २००१

ताई,

आधी उठ आणि तो दोरा तोड. मग पुढचं वाच.

तोडलास? आता ऐक. तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवत होते. ढालीला आणि दांड्याला मिळून वेढे घातले, इथपर्यंत आले आणि हे उठून उभे राहिले. म्हणाले, "बांधून ठेवला. ब्रेकच बांधून ठेवला." ती ढाल पुढे पडते तेव्हा साखळी थांबते. पुढे पडली की थांबते, ताई. तू ती पुढच्या दांड्यालाच आवळून टाकलीस. उसळल्यावर भावजींचं मनगट तिच्यावर आपटलं असणार, पण ती हलणार कशी? मी मागच्या पानाच्या शेवटी हेच लिहिलं होतं. तू तिथे आमटी वाढायला उठलीस.

तुझ्यावर डाफरायला मी हे लिहीत नाही. माझंही एक देणं आहे. मी तुला खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही.

ह्यांना बढती मिळालेली नाही. मागच्या दिवाळीनंतर सागाच्या ओंडक्यावर मशीन असंच उसळलं. आधीच्या दिवशी ब्रेकची स्प्रिंग तुटली होती. मालक म्हणाला, दोन दिवस चालव, पार्ट हुबळीहून येतोय. ह्यांनी चालवलं. डाव्या हाताच्या मधल्या तीन बोटांच्या शिरा तुटल्या. बोटं आहेत, जागच्या जागी आहेत, पण मूठ वळत नाही. त्या हाताने साधा पेला धरवत नाही. शर्टाची बटणं मी लावते. स्प्रिंग नंतर बसवून घेतली, तुम्हाला मशीन पाठवलं ते नीट करूनच. मालकाने दया म्हणून खुर्ची दिली. तीही यंदाच्या दिवाळीपर्यंतच. पुढे बघू म्हणालाय. ढाल मोकळी पडलीच पाहिजे, हे मी कुठल्या पुस्तकातून उतरवलं नव्हतं.

तुला का नाही कळवलं? तेव्हा अभयच्या मुलाखती चालू होत्या, हे एक कारण. खरं कारण दुसरं. लहानपणापासून घरात "शालन हुशार, शीला आपली अशीच" हे ऐकत मी मोठी झाले. पुढे माझं जरा बरं चाललं, स्वतःचं कौलारू घर झालं, मुलगा शिकला, तेव्हा वाटलं, आता ताई माझ्याकडे खालून बघेल. मग हे झालं. तुझी कीव मला झेपली नसती.

आणि दृष्टीचं म्हणशील तर, तुझा अंदाज चुकलेला नाही. भावजी पडदा ओढून झाडावर बसले, खाली बायका जमल्या, हे तू लिहिलंस ना, ते वाचून मी परसात जाऊन रडले. आपल्या मशीनवर दुसऱ्याचा नवरा बसलाय आणि आपला ट्रकांचे नंबर लिहितोय. तुझा फार हेवा वाटला, ताई. भावजींच्या दहाही बोटांचा वाटला. नजर लागत असेल तर माझीच लागली असेल. पण साखळी थांबली नाही ती नजरेने नाही.

अभयने मला आधी फोन केला कारण त्याला तुझ्यासमोर यायची भीती वाटत होती. काम त्याने आणलं होतं. म्हणाला, "आई, मावशीला मी काय सांगू?"

भावजींची बोटं कशी आहेत ते कळव. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकतंय का, तेवढं तरी. ह्यांचं तेव्हा टेकलं नव्हतं.

तुझी,
शीला


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

पुणे
१६ जून २००१

चि. सौ. शीला हिस, ताईचे अनेक आशीर्वाद.

टेकतंय. काल सकाळी ह्यांनी अंगठा आणि पहिलं बोट जुळवून तुळशीचं पान खुडलं. मी तिथेच वृंदावनाच्या कट्ट्यावर बसले. बाकीची तीन अजून जड आहेत, पण करंगळी हलते. डॉक्टरांनी मालिश सांगितलंय. हे तुला आधी लिहिलं, कारण तू ते विचारलं होतंस. रंगनाथरावांचं नाही टेकलं, हे मनातून जात नाही.

दोरा तोडला. तुझं पत्र घडी करून डब्यात ठेवून दिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. ह्यांची तर ठाम समजूत होती की चूक स्वतःची, डहाळी बघायला हवी होती. दोन दिवस मी त्यांना तसंच समजू दिलं. देवापुढे बसले की जप पुढे सरकेना. शेवटी जेवायला वाढलं आणि सांगितलं. सगळं. बिब्बा, दोरा, ढाल, आणि मी कुठल्या ओळीला वाचायचं थांबवलं तेही.

हे जेवायचे थांबले. मला वाटलं, आता ताट भिरकावतील. एका हाताने भिरकावायला जमेल का, असाही विचार मनात येऊन गेला. पण ते इतकंच म्हणाले, "म्हणजे मॅट्रिक बायको पत्र अर्धंच वाचते तर." हात धुतले, पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी म्हणाले, "ते मार्चचं पत्र आण. आज पूर्ण वाच. आमटी नाहीये ना गॅसवर?"

वाचलं. "आमचे हे म्हणतात" सुद्धा वाचलं. ऐकताना हे उजव्या हाताने ढाल पुढे पाडत होते आणि मागे घेत होते. खट्, खट्. इतके दिवस तो आवाज या घरात कुणी ऐकलाच नव्हता.

तुझ्या पत्राबद्दल एक लिहायचंय. तू परसात जाऊन रडलीस, माझा हेवा केलास, हे वाचून मला बरं वाटलं. असं वाटू नये. गणपतीसमोर कान धरले. पण खरं तेच लिहिते. हा रोग आपल्या दोघींत मला एकटीलाच आहे असं मी धरून चालले होते, आणि रोगी एकटा असला की त्याला जास्त दुखतं. तुझं घर, तुझा अभय, तुझी खुर्ची-पंखा, एकेक गोष्ट मी रात्री मोजत पडायचे. तू माझ्या नवऱ्याची बोटं मोजत होतीस. कमाल आहे आपल्या दोघींची.

माफी मागायची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे. मागितली आहे असं समज.

आता पुढचं. मशीन विकायचं नाही असं ह्यांनी ठरवलंय. वॉचमनच्या नोकरीचं बोलणं बंद. स्वतः पुन्हा चढायला दिवाळी उजाडेल, तीही बोटं बरी झाली तर. तोवर आलेली कामं परत पाठवतोय. काल म्हणाले, "मला वर एकट्याने भागत नाही, हे आता कळलं. पानांत तोंड खुपसलेलं असताना नाक कुठे गेलं ते मला दिसत नाही. खाली उभा राहून ओरडणारा माणूस पाहिजे. तोही असा, ज्याला उसळी काय असते ते अंगावर माहीत आहे. त्याला मूठ वळायची गरज नाही. डोळे आणि आवाज पाहिजे." मी म्हटलं, नाव घ्या की सरळ. म्हणाले, "साडू."

तर रंगनाथरावांना विचार. विचार म्हणजे विचारच, माझ्यासारखी अर्धं सांगून थांबू नकोस. वखारीची खुर्ची दिवाळीला जाणारच आहे, मग पुढे काय म्हणून त्या पंख्याखाली कुढत बसण्यापेक्षा दिवाळीला इथे या. कमाई निम्मी-निम्मी, हे ह्यांचे शब्द आहेत, दयेचे नव्हेत. रोज सकाळी मशीन तपासायचं काम रंगनाथरावांचं, आणि त्यांनी नको म्हटलं तर त्या दिवशी झाडाला कुणी हात लावायचा नाही. हे मी ह्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. अभयही सुटीच्या दिवशी आईच्या हातचं जेवेल. तो परवा येऊन दारातच उभा राहिला होता, आत येईना. मी म्हटलं, "मावशी आहे अजून, संपली नाही, ये." मग आला, आणि चार पोळ्या खाल्ल्या.

आमच्या घराची मागची खोली तुला ठाऊक आहे, लहान आहे आणि दुपारी तापते. तुझ्या घराएवढी हवा इथे नाही. पण एक आधीच लिहून ठेवते, मागून कुरबूर नको. स्वयंपाकघर माझं. तू आमटी कर, जरूर कर, पण ती चांगली झाली आणि ह्यांनी तशी म्हणून दाखवली तर मला राग येणार आहे. तो येऊ द्यायचा. तू मनावर घ्यायचं नाही. मीही दोन दिवस धुसफुसेन आणि तिसऱ्या दिवशी तुला करायला विचारेन.

रंगनाथराव काय म्हणतात आणि तुम्ही कधी निघता, ते उलट टपाली कळव.

तुझी,
ताई